स्पॅनिशमधला संकेतार्थ: 'आब्लारीआ' कसं करायचं आणि कुठे वापरायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी स्पॅनिश शिकवते आणि माझे बहुतेक विद्यार्थी मराठी आहेत. भूतकाळ संपवून आम्ही 'कोन्दिसिओनाल' या प्रकरणाला, म्हणजे 'बोललो असतो', 'घेतलं असतं' असं सांगणाऱ्या संकेतार्थाला, हात घातला की दर तुकडीत तेच प्रश्न येतात, जवळजवळ त्याच क्रमाने. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. स्पॅनिश शब्द सगळे देवनागरीत दिले आहेत आणि उच्चार लॅटिन अमेरिकेतला धरला आहे. स्पेनच्या मोठ्या भागात काही शब्दांत 'स'च्या जागी 'थ'सारखा आवाज ऐकू येईल, तेवढं सांभाळून घ्या.

पटकन सांगा, रूप कसं करायचं?

शब्दकोशात सापडणारं मूळ रूप घ्या. त्यातलं काहीही कापू नका. त्याच्या शेपटीला 'ईआ' जोडा. आब्लार म्हणजे बोलणे, त्याचं झालं आब्लारीआ.

'काहीही कापू नका' हे मुद्दाम सांगते. वर्तमानकाळात आणि भूतकाळात तुम्ही आर, एर, इर कापून प्रत्यय लावायला शिकलात. ती सवय हाताला इतकी लागलेली असते की पहिल्या आठवड्यात निम्मा वर्ग इथेही कात्री चालवतो.

सगळ्या पुरुषांची रूपं एकदा लिहून द्या ना.

आब्लार, म्हणजे बोलणे:
यो आब्लारीआ (मी)
तू आब्लारीआस (तू)
एल, एया, उस्तेद आब्लारीआ (तो, ती, आपण)
नोसोत्रोस आब्लारीआमोस (आम्ही)
बोसोत्रोस आब्लारीआइस (तुम्ही सगळे, स्पेनमध्ये)
एयोस, उस्तेदेस आब्लारीआन (ते, आपण सगळे)

कोमेर, म्हणजे खाणे: कोमेरीआ, कोमेरीआस, कोमेरीआ, कोमेरीआमोस, कोमेरीआइस, कोमेरीआन.

बिबिर, म्हणजे राहणे, जगणे: बिबिरीआ, बिबिरीआस, बिबिरीआ, बिबिरीआमोस, बिबिरीआइस, बिबिरीआन.

स्पॅनिशमधला 'तू' आणि आपला 'तू' सारखाच आहे, अर्थानेही आणि उच्चारानेही. दोन्ही भाषांचं मूळ कुळ एक, त्याची ही खूण.

तिन्ही गटांना एकच प्रत्यय? बाकी काळांत तर प्रत्येकाचे वेगळे असतात.

याचं कारण प्रत्ययाच्या जन्मात आहे. 'ईआ' हा मुळात प्रत्ययच नव्हता, तो एक अख्खा शब्द होता.

बोलीतल्या उत्तरकालीन लॅटिनमध्ये लोक 'कान्तारे हाबेओ' असं म्हणत. शब्दशः पाहिलं तर 'गाणं माझ्याकडे आहे', पण मतलब आपल्या 'मला गायचं आहे'सारखा. तेच भूतकाळात म्हणायचं झालं तर 'कान्तारे हाबेबाम', म्हणजे 'मला गायचं होतं'. पहिल्या जोडीतून स्पॅनिशचा भविष्यकाळ निघाला, दुसरीतून आपला हा संकेतार्थ. 'हाबेबाम' झिजत झिजत 'आबीआ' झालं, पुढे नुसतं 'ईआ' उरलं आणि मागच्या क्रियापदाला चिकटलं. दोन शब्द शेजारी ठेवून बनलेलं रूप असल्यामुळे पहिला शब्द अख्खाच राहिला. दुसरा शब्द सगळ्यांना एकच होता, म्हणून आज प्रत्यय एकच आहे.

मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये हा सांधा अजून पक्का बसला नव्हता. 'ते विकत घेतलं असतं' म्हणताना 'ते' हे सर्वनाम लोक क्रियापद आणि 'ईआ' यांच्या मधोमध खोचत. आजच्या स्पॅनिशमध्ये ते आधी येतं: 'लो कोम्प्रारीआ'. पोर्तुगीजच्या औपचारिक लेखनात मात्र ती फट आजही उघडी आहे, तिथे 'कोम्प्रा-लो-ईआ' असं लिहितात. गोव्यात १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेलं कुणी तुमच्या घरात किंवा शेजारी असेल, तर त्यांना हे रूप विचारून पाहा. बोलण्याच्या पोर्तुगीजचा संकेतार्थही असाच आहे, 'फालारीआ', 'कोमेरीआ'. ती पोर्तुगीज कानावर पडलेल्या घरातल्या विद्यार्थ्याला हे प्रकरण शिकवावं लागत नाही, आठवण करून द्यावी लागते.

रोमन लिपीत लिहिताना 'ई'च्या अक्षरावर येणारी तिरकी रेघ सोडली तर चालेल का?

नाही. सहाही रूपांत ती हवीच.

ती रेघ दोन कामं करते. एक, आघात कुठे द्यायचा ते सांगते. दोन, 'ई' आणि 'आ' हे दोन वेगळे अवयव आहेत, त्यांचा 'या' करायचा नाही, हे सांगते. रेघ काढली तर स्पॅनिशच्या नियमाने आघात मागे सरकतो आणि शब्द 'आब्लार्या' असा काहीतरी वाचला जातो. काही ठिकाणी तर वेगळाच शब्द तयार होतो. 'सेर' म्हणजे असणे, त्याचं संकेतार्थी रूप 'सेरीआ'. रेघ न देता लिहिलंत तर ते 'सेर्या', म्हणजे 'गंभीर', तेही स्त्रीलिंगी.

मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळे अवयव एका पातळीत बोलतो आणि समोरचा स्पॅनिश माणूस गोंधळतो. माझा उपाय साधा आहे. रूप आधी देवनागरीत लिहा. दीर्घ ई जिथे आली, तिथेच ती रेघ आणि तिथेच जोर. शुद्धलेखनाच्या तासाला दीर्घ वेलांटीने जे छळलं, त्याची ही भरपाई समजा.

फोनवर ती रेघ उमटवायची तर 'आय' या अक्षरावर बोट दाबून धरा, पर्याय वर येतात. परीक्षेत हाताने लिहिताना सुटली तर गुण जातात, आणि ते योग्यच आहे.

'कोमीआ' आणि 'कोमेरीआ' यांत मी नेहमी गडबडतो.

गडबड होणारच, कारण दोन्हींची शेपटी एकच आहे. 'कोमीआ' हा अपूर्ण भूतकाळ: खात होतो, खायचो. तिथे 'एर' कापून 'ईआ' लावलं. 'कोमेरीआ'मध्ये 'एर' जागेवर ठेवून 'ईआ' लावलं. म्हणजे कान ठेवायचा तो 'र'वर. 'ईआ'च्या आधी मूळ रूपाचा 'र' ऐकू आला तर संकेतार्थ.

ही युक्ती दोन ठिकाणी फसते, ती आधीच सांगते. केरेर, म्हणजे हवं असणे: 'केरीआ' हा भूतकाळ आणि 'केर्रीआ' हा संकेतार्थ, फरक फक्त 'र' किती थरथरवला याचा. दुसरी जागा 'आब्रीआ'. हा आवाज कानावर आला तर तो 'उघडत होता' असू शकतो किंवा आबेर या साहाय्यक क्रियापदाचा संकेतार्थ असू शकतो. लिहिताना दुसऱ्याच्या आधी एक मुकं अक्षर येतं, बोलताना मात्र संदर्भावरूनच ओळखायचं.

आणि हो, 'रीआ'ने संपणारा प्रत्येक शब्द क्रियापद नसतो. 'पानादेरीआ' ही बेकरी आहे आणि 'लिब्रेरीआ' हे पुस्तकांचं दुकान.

'मी' आणि 'तो' यांचं रूप सारखंच. मग कळणार कसं?

बहुतेक वेळा संदर्भाने कळतं. शंका असेल तिथे 'यो' किंवा 'एल' उच्चारायचं. एरवी स्पॅनिश माणूस सर्वनाम गाळतो, या काळात मात्र जरा जास्त वापरतो.

याच्या बदल्यात एक मोठी सूट मिळते. मराठीत 'मी बोललो असतो', 'मी बोलले असते' असं लिंग सांभाळावं लागतं. स्पॅनिशमध्ये बाई असो वा पुरुष, 'आब्लारीआ'च.

बोसोत्रोसची रूपं पाठ करायलाच हवीत का?

स्पेनला जाणार असाल किंवा तिथल्या मालिका बघत असाल तर हवीत. मेक्सिको, कोलंबिया, पेरूकडे काम असेल तर ओळखता आली तरी पुरे, तिकडे 'उस्तेदेस' चालतं. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' म्हणतात आणि वर्तमानकाळाची रूपं त्याच्यासाठी बदलतात. संकेतार्थात मात्र 'तू'चंच रूप लागतं, 'बोस आब्लारीआस'.

नियमित क्रियापद म्हणजे नेमकं कोणतं? सेर आणि इर तर कायम त्रास देतात.

इथे देत नाहीत. सेरीआ, इरीआ, दारीआ, एस्तारीआ, बेरीआ: वर्तमानकाळात ज्यांनी रडवलं ती सगळी इथे सरळ चालतात. मधला स्वर बदलणारीही तशीच. दोर्मिरचं वर्तमानात 'दुएर्मो' होतं, पण संकेतार्थ निमूटपणे 'दोर्मिरीआ'. पेदिरचं 'पिदो', पण इथे 'पेदिरीआ'. ओईर, म्हणजे ऐकणे, याच्या मूळ रूपावर आधीच एक रेघ असते. ती काढून पुढच्या 'ई'वर द्यायची: ओइरीआ.

खरी अनियमित फक्त १२ आहेत आणि त्यांचेही प्रत्यय तेच, फक्त धड आक्रसतं. काहींचा मधला स्वर गळतो: पोद्रीआ (शकणे), साब्रीआ (माहीत असणे), आब्रीआ, काब्रीआ (मावणे), केर्रीआ. काहींत तो स्वर जाऊन 'द' घुसतो: तेन्द्रीआ (जवळ असणे), पोन्द्रीआ (ठेवणे), बेन्द्रीआ (येणे), साल्द्रीआ (बाहेर पडणे), बाल्द्रीआ (किंमत असणे). दोन तर पार चुरगळतात: देसिरचं दिरीआ (सांगणे) आणि आसेरचं आरीआ (करणे). यांच्यापासून बनलेले शब्दही तसेच वागतात, जसं मान्तेनेरचं मान्तेन्द्रीआ. पण 'आशीर्वाद देणे' या अर्थाचं बेन्देसिर पोटात देसिर असूनही सरळच राहतं: बेन्देसिरीआ.

भविष्यकाळ शिकला असाल तर ही १२ धडं तुम्हाला पाठ आहेतच, तीच इथे वापरायची.

याला मराठीत काय म्हणायचं? आणि हा काळ आहे की आणखी काही?

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शाळेत शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं' हा त्यातला शेवटचा. मी तोच शब्द वापरते.

काळ की अर्थ, हा वाद स्पॅनिश व्याकरणकारांतही रंगला. कराकसमध्ये जन्मलेल्या आणि पुढे चिलीत स्थायिक झालेल्या आन्द्रेस बेयो यांनी १८४७ साली अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषकांसाठी व्याकरण लिहिलं. त्यात त्यांनी याला काळांत बसवलं आणि नाव दिलं 'पोस्प्रेतेरितो', म्हणजे भूतकाळानंतरचा काळ. मेक्सिकोच्या शाळांत हे नाव अजून ऐकू येतं. स्पॅनिश भाषेच्या माद्रिदमधल्या अकादमीने बराच काळ याला वेगळा अर्थ मानून 'पोतेन्सिआल' म्हटलं आणि नंतर तीही काळाच्या बाजूला आली. जुनं पुस्तक हाती आलं आणि त्यात 'कोन्दिसिओनाल' सापडलं नाही, तर ही दोन नावं शोधा.

मला बेयो यांचं नाव आवडतं. का, ते पुढे 'फोन करीन म्हणाला' या प्रश्नात कळेल.

जर-तरच्या वाक्यात दोन्हीकडे हेच रूप लावायचं ना?

नाही, आणि मराठी माणसाची सगळ्यात हट्टी चूक हीच.

आपण म्हणतो, 'पैसे असते तर घर घेतलं असतं.' दोन्हीकडे 'असते, असतं'. त्यामुळे हात आपोआप 'सी तेन्द्रीआ दिनेरो, कोम्प्रारीआ ऊना कासा' लिहून मोकळा होतो. प्रमाण स्पॅनिशमध्ये 'सी', म्हणजे जर, याच्यामागे संकेतार्थ येत नाही. तिथे दुसरंच रूप लागतं: 'सी तुबिएरा दिनेरो, कोम्प्रारीआ ऊना कासा'. संकेतार्थ फक्त 'तर'च्या बाजूला.

गंमत अशी की उत्तर स्पेनमध्ये, म्हणजे बास्क प्रदेश, नाबारा, ला रिओखा, बुर्गोस या पट्ट्यात, लोक बोलताना सर्रास 'सी तेन्द्रीआ' म्हणतात. तिकडे राहून आलेली एक विद्यार्थिनी माझ्याशी यावरून भांडली होती. तिने ऐकलं होतं ते खरंच होतं, परीक्षेत मात्र ते चूक धरतात.

एका गोष्टीत मराठी तुमच्या बाजूने आहे. 'पैसे असले तर घर घेईन' आणि 'पैसे असते तर घर घेतलं असतं' यांतला फरक तुम्हाला न शिकवता कळतो. 'असले' म्हणजे असूही शकतात: 'सी तेन्गो दिनेरो' आणि पुढे भविष्यकाळ. 'असते' म्हणजे नाहीत: 'सी तुबिएरा' आणि पुढे संकेतार्थ. 'असले की असते' हे स्वतःला विचारा, गाडी बरोबर रुळावर येते.

आणखी एक खाच. मराठीतलं 'घेतलं असतं' हे आजच्या स्वप्नालाही चालतं आणि दहा वर्षांपूर्वी हुकलेल्या संधीलाही. स्पॅनिश ते वेगळं करते. आजचं: कोम्प्रारीआ. हुकलेलं: आब्रीआ कोम्प्रादो, आणि 'सी'च्या मागे 'उबिएरा तेनिदो'.

'सी' चा अर्थ 'की नाही' असा असेल तर मात्र त्याच्यामागे संकेतार्थ चालतो. 'मे प्रेगुन्तो सी बेन्द्रीआ': येणार की नाही, असं त्याने मला विचारलं.

इंग्रजीतल्या 'वुड'ला दर वेळी 'रीआ' लावू का?

कृपा करून नको. इंग्रजीतून स्पॅनिश शिकण्याचे तोटे मोजायचे तर मी इथून सुरुवात करीन.

'आजोबा रोज पहाटे चालायला जायचे.' इंग्रजीत इथे 'वुड' येऊ शकतं, म्हणून विद्यार्थी 'इरीआ' लिहितो. हे तर सवयीचं वाक्य आहे, त्यात ना जर ना तर. स्पॅनिशमध्ये इथे अपूर्ण भूतकाळ, 'इबा'. मराठी 'जायचे' आणि स्पॅनिश 'इबा' एकमेकांवर चपखल बसतात, मधल्या दलालाची गरजच नाही. तसंच 'तो ऐकेचना', 'कार सुरूच होईना'. इथेही इंग्रजी 'वुड' वापरते आणि स्पॅनिश भूतकाळ वापरते.

'फोन करीन म्हणाला' याचं स्पॅनिश कसं?

मराठी इथे फार निवांत आहे. तो बोलला काल, पण त्याचं 'करीन' आपण जसंच्या तसं ठेवतो. स्पॅनिश काळ मागे ढकलते: 'प्रोमेतिओ के यामारीआ', फोन करीन असं त्याने कबूल केलं. बोलण्याचा क्षण भूतकाळात, फोन त्याच्या नंतर. बेयो यांचं 'भूतकाळानंतरचा काळ' हे नाव इथे अगदी फिट बसतं. फोन पुढे आला की नाही, याबद्दल हे रूप काहीच सांगत नाही.

म्हणून 'म्हणाला', 'वाटलं', 'कबूल केलं' अशी भूतकाळी क्रियापदं दिसली आणि मराठीत पुढे 'ईन, ईल, तील' आलं, की स्पॅनिशमध्ये 'रीआ'. या एका सवयीने निम्म्या चुका जातात.

'सेरीआन लास त्रेस' याचा अर्थ 'तीन वाजले असते' असा होतो का?

होत नाही. याचा अर्थ 'तेव्हा तीन वाजले असतील'. भूतकाळातला अंदाज. आत्ताचा अंदाज करायचा तर स्पॅनिश भविष्यकाळ वापरते: 'सेरान लास त्रेस', तीन वाजले असतील. आपणही अंदाजासाठी भविष्यकाळच वापरतो, म्हणून हे मराठी माणसाला लगेच पटतं.

वर्तमानपत्रात, विशेषतः लॅटिन अमेरिकेतल्या, आणखी एक वापर दिसेल: मंत्र्याने राजीनामा 'आब्रीआ' दिला, म्हणजे 'दिल्याचं समजतं'. लेखनाच्या मार्गदर्शिका याला नाकं मुरडतात. वाचताना ओळखा, लिहिताना टाळा.

हॉटेलात, दुकानात नम्रपणे बोलायला हेच वापरायचं का?

'पोद्रीआ आयुदार्मे?', मला जरा मदत कराल का? हे कुठेही चालतं. मराठीत हे काम 'कराल का'मधला भविष्यकाळ करतो.

कॉफी मागताना मात्र मी 'केरीआ उन काफे' म्हणायला शिकवते. हा साधा अपूर्ण भूतकाळ आहे. आपण नाही का दुकानात शिरून 'मला एक साडी बघायची होती' म्हणत? बघायची आत्ताच असते, तरी 'होती'. स्पॅनिश माणूसही तसाच एक पाऊल मागे सरकून बोलतो.

आणि 'मे गुस्तारीआ', मला आवडेल. इथे मराठीचा फायदा उघड आहे. 'मला' तिथेही 'मे', आणि आवडणारी वस्तू कर्ता. एक गोष्ट असेल तर गुस्तारीआ, अनेक असतील तर गुस्तारीआन, 'आवडेल' आणि 'आवडतील'सारखंच. इंग्रजीतून येणारे 'यो गुस्तारीआ' म्हणतात, ते आपल्याकडून व्हायला नको.

सल्ला देतानाही याचा उपयोग होतो: 'यो एन तु लुगार, आब्लारीआ कोन एल मेदिको'. मी तुझ्या जागी असते तर डॉक्टरशी बोलले असते. 'एन तु लुगार' म्हणजे शब्दशः 'तुझ्या जागी'.

सरावाला काही वाक्यं द्या, उत्तरांसकट.

उत्तर झाकून करा.

आम्ही सेव्हिलमध्ये राहिलो असतो. (बिबिरीआमोस एन सेबिया.)

ती लिहीन म्हणाली. (दिखो के एस्क्रिबिरीआ. 'दिखो'मधला 'ख' घशातून.)

लहानपणी आम्ही आमरस खायचो. (फसलात का? कोमीआमोस. इथे संकेतार्थ नाही.)

मला तुमच्याशी बोलायला आवडेल. (मे गुस्तारीआ आब्लार कोन उस्तेद.)

तेव्हा दहा वाजले असतील. (सेरीआन लास दिएस.)

वेळ असता तर मी आणखी वाक्यं लिहिली असती. (सी तुबिएरा तिएम्पो, एस्क्रिबिरीआ मास फ्रासेस.)